भांडण मिटत का नाही, आणि मिटवायला कुठून सुरुवात करायची

बोरी नदीच्या अंगाला, अमळनेर तालुक्यात आमचं गाव. तिथं दोन चुलतभाऊ एका बांधावरून अकरा वर्षं भांडत होते. दरवर्षी नांगरट झाली की एक म्हणायचा, "बांध मना शे," म्हणजे बांध माझा आहे, आणि दुसराही तेच म्हणायचा. शब्द ठरलेले, मध्ये पडणारी माणसंही ठरलेली. १५ ऑगस्ट २००७ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावात समिती झाली आणि मलाही तिच्यात घेतलं. सुरुवातीची दोन वर्षं मी जे केलं ते चुकीचं होतं. दोघांना समोरासमोर बसवायचं, "एका आज्याची नातवंडं तुम्ही, शोभतं का हे" म्हणायचं, चहा पाजायचा, हात मिळवायला लावायचे. पुढच्या नांगरटीला भांडण पुन्हा होतं तिथंच.

त्यानंतर जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. शेताचं भांडण असो, घरातलं असो की दोन मित्रांमधलं, क्रम हाच उपयोगी पडला. आणि एक गोष्ट मला आता पक्की वाटते: वर्षानुवर्षं चालणाऱ्या भांडणात दोघं बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर भांडत नसतात. शब्द एकच असतो, पण एकाला त्यातून उद्याची धास्ती सांगायची असते आणि दुसऱ्याला कधीकाळचा अपमान. म्हणून कितीही बोललं तरी एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लागूच होत नाही.

आधी हे बघा: हा मतभेद आहे का?

मारहाण, धमकी, हुंड्याचा तगादा, बाईवर उचललेला हात, याला मतभेद म्हणत नाहीत. अशा ठिकाणी "दोघांनी थोडं थोडं समजून घ्या" म्हणणारा माणूस मारणाऱ्याच्या बाजूनं उभा असतो. ११२ला फोन करायचा. महिलांसाठी १८१ आहे. समेट घडवायला बसायचं नाही.

बहिणीच्या हिश्श्याचंही तसंच. ९ सप्टेंबर २००५पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला आहे. ती स्वतःच्या मर्जीनं सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण सगळ्या भावांनी मिळून "ताई, माहेर तुटायला नको, हक्कसोडवर सही करून टाक" म्हणायचं आणि त्याला मिटवामिटवी म्हणायचं, हे मी दोनदा जवळून पाहिलं आहे. त्यातल्या एका बहिणीनं सही केली आणि परत कधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही.

पायरी १: एकेकट्याला भेटा आणि एक वाक्य लिहून घ्या

दोघांना एकत्र बसवायची घाई करू नका. माणूस चारचौघांत जे बोलतो ते चारचौघांसाठी असतं. शेतात, ओट्यावर, गाईची धार काढताना, कुठंही एकेकट्याला गाठा आणि विचारा: "उद्या सकाळी उठलास आणि सगळं तुझ्या मनासारखं झालेलं असलं, तर नेमकं काय बदललेलं दिसेल?"

उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्याला वाचून दाखवा. पहिलं उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. "बांध मिळाला पाहिजे" म्हणाला तर विचारा, मिळाल्यावर काय होईल? थोरल्या चुलतभावानं तिसऱ्या खेपेला सांगितलं, "त्यानं दरवर्षी नांगराचं एकेक तास, एकेक ओळ, आत येणं थांबेल." धाकट्यानं बराच वेळ काही सांगितलं नाही. मग म्हणाला, "माझ्या मेव्हणीच्या लग्नात, पाहुण्यांच्या पंगतीत, त्यानं मला बांधकोऱ्या म्हटलं." बांधकोऱ्या म्हणजे बांध कोरून दुसऱ्याची जमीन खाणारा. ही गोष्ट अकरा वर्षांत एकाही बैठकीत कुणी बोललं नव्हतं.

त्या रात्री मी हिशेब मांडला. बांधाची लांबी साधारण तीनशे फूट. नांगर एक फूट सरकला तर तीनशे चौरस फूट जमीन गेली. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे ही जमीन पाव गुंठ्याहून थोडी जास्त. एकरी आठ क्विंटल कापूस धरला तर तेवढ्या जागेत साडेपाच किलो कापूस येईल. साडेपाच किलो कापसासाठी कुणी अकरा वर्षं झोप घालवत नाही. पण म्हणून थोरल्याची धास्ती खोटी होती असं समजू नका. एक फूट गेल्याचं कुणाला काही वाटलं नाही, तर पुढच्या वर्षी दुसरा फूट जातो, आणि मुलांच्या वाट्याला येईपर्यंत त्याचे गुंठे होतात. त्याला भरवसा हवा होता, धाकट्याला मान हवा होता, आणि दोघंही बांध मागत होते.

पायरी २: भांडण कशाचं आहे ते ओळखा

दोन वाक्यं हातात आली की ती शेजारी शेजारी ठेवून बघा. काही भांडणं मोजता येणारी असतात: बांध कुठं, पैसे किती दिले, गाळ कुणी काढला. काही वाट्याची असतात: पाणी थोडं, मागणारे दोन. काही मानाची. काही, काय योग्य आणि काय अयोग्य, याची. आणि बरीचशी नुसत्या शब्दाची असतात, ती ओळखायला सगळ्यांत अवघड, कारण दोघंही तोच शब्द वापरतात.

एक घर सांगतो. थोरला गावात, धाकटा सुरतेला. आमच्याकडच्या कितीतरी घरांतला एक भाऊ सुरतेला असतोच. आई गावात. थोरला म्हणे, आईला मी सांभाळतो. धाकटा म्हणे, मीही सांभाळतो. दोघंही एकमेकांना खोटारडा म्हणत. धाकटा दर महिन्याच्या सात तारखेच्या आत पाच हजार पाठवायचा, एकदाही चुकला नव्हता. त्याच्या लेखी सांभाळणं म्हणजे ते. थोरल्याची बायको सासूला रात्री दोनदा उठवून न्यायची, पायाला तेल चोळायची, तिला चावता यावं म्हणून भाकरी दुधात कुस्करून द्यायची. त्यांच्या लेखी सांभाळणं म्हणजे ते.

अशा वेळी एक उपाय करायचा: तो शब्द बोलायला बंदी. "सांभाळणं" म्हणायचं नाही. काय केलं ते क्रियापदांत सांगायचं. पाठवले, चोळलं, उठवलं, नेलं, बिल भरलं. एका कागदावर दोन्हीकडची कामं लिहिली तेव्हा धाकटा त्या यादीकडे बघत राहिला. रात्री उठवण्याचं काम त्याला माहीतच नव्हतं. आणि थोरल्याला हे माहीत नव्हतं की दोन महिने कारखाना बंद होता तेव्हा धाकट्यानं ते पाच हजार व्याजानं काढून पाठवले होते. भांडण संपलं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून ते वेगळ्या विषयावर सुरू झालं: वहिनीला वर्षातून महिनाभर मोकळीक कशी द्यायची. त्यावर तोडगा निघतो. निघालाही. उन्हाळ्यात आई महिनाभर सुरतेला.

पायरी ३: दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगा

गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं म्हणजे वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण रोज वापरतो, पण 'वाद' हा मुळात चांगला शब्द होता हे विसरून गेलो आहोत. जुन्या ग्रंथांत स्वतःचा मुद्दा मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायची रीत आहे: समोरच्याचं म्हणणं आधी, तेही पूर्ण ताकदीनं. आमच्या अमळनेरात श्रीमंत प्रताप शेठांनी १९१६मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्या संस्थेवरून रोज जाणाऱ्या आम्हा लोकांना ही रीत आपल्या बांधावर लावता यावी, असं मला फार वाटतं.

करायचं असं. दोघांना एकत्र बसवा, पण स्वतःची बाजू कुणी मांडायची नाही. पहिल्यानं दुसऱ्याची बाजू सांगायची. दुसऱ्यानं फक्त "हो, हेच" किंवा "नाही, अजून राहिलं" एवढंच म्हणायचं. "हो" येईपर्यंत पुढं जायचं नाही. मग उलट.

ऐकायला सोपं वाटतं. थोरल्याला तीन खेपा लागल्या. पहिल्यांदा म्हणाला, "याचं म्हणणं असं की बांध याचा आहे." धाकटा म्हणाला, नाही. दुसऱ्यांदा, "याचं म्हणणं, मी याला शिवी दिली." नाही. मग थोरला बराच वेळ जमीन उकरत बसला आणि खाली बघूनच म्हणाला, "याचं म्हणणं असं की याच्या सासरच्यांसमोर मी याला चोर ठरवलं, आणि त्यानंतर हा सासरी ताठ मानेनं गेला नाही." धाकटा म्हणाला, "हाई बरोबर शे." त्या खोलीत त्या क्षणी काहीही मिटलेलं नव्हतं, तरी दोघांचे आवाज खाली आले होते.

मध्यस्थाला इथं एक सूचना: या पायरीला चुकूनही मत देऊ नका. मान डोलावण्यातूनसुद्धा नको.

पायरी ४: मोजण्याआधी विचारा, काय दिसलं तर मानाल?

मोजता येणाऱ्या भांडणात सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि तो मोजणीच्या आधी विचारायचा असतो. निकाल लागल्यावर विचारला तर हरलेला म्हणणार, मोजणीची साखळीच वाकडी होती. उत्तर "कशानंही मानणार नाही" असं आलं, तर भांडण मोजण्याचं नाहीच, परत दुसऱ्या पायरीवर जा.

शेतीच्या बाबतीत व्यवहार असा. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा. सातबारा लागतो, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, ठरल्या दिवशी भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना, म्हणजे फेरतपासणीची, मोजणी मागता येते. माझा आग्रह तीन गोष्टींचा असतो. अर्ज शक्यतो दोघांनी मिळून करावा आणि फी निम्मी निम्मी भरावी, म्हणजे "त्यानं आणलेला माणूस" हे वाक्यच राहत नाही. मोजणी कापूस उपटल्यावर, रान मोकळं असताना ठेवावी. आणि "निघेल त्या खुणेवर दोघं मिळून दगड रोवू, नाही पटली तर एकदाच निमताना, त्यानंतर नाही" असं आधी सही करून ठेवावं.

आमच्या बांधाचं काय निघालं? नाल्याच्या बाजूला थोरल्याची दोन फूट जमीन गेलेली होती, रस्त्याच्या बाजूला धाकट्याची दीड फूट. बांध तिरका झाला होता. दोघंही आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खरंच सांगत होते, फक्त प्रत्येकजण आपल्या टोकाला उभा राहून बघत होता.

एक धोक्याची सूचना. शेताची वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर समझोत्याची बोलणी जरूर करा, पण तारीख विसरू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागायची ती अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "बघू, बसू, बोलू" करत हे सहा महिने संपवणारे लोक मी पाहिले आहेत.

पायरी ५: वाट्याच्या भांडणात माणूस सोडा, नियम पकडा

सामाईक विहिरीवर दोन भावांची आठवड्याची पाळी होती. एक आठवडा याचा, एक त्याचा. वरवर बघता याहून न्याय्य काय असणार? तरी धाकटा दरवर्षी म्हणायचा की मला फसवलं जातं, आणि त्याला कुणी खरं मानायचं नाही. मग त्याच्या बायकोनं कॅलेंडरवर खुणा करून दाखवल्या. शेतीची लाईटही एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची येत होती. पाळी आठवड्यानं बदलते, लाईट आठवड्यानं बदलते, म्हणजे दिवसाची लाईट कायम एकाच्या वाट्याला आणि रात्रीच्या अंधारात साप-विंचवातून दारं धरणं कायम दुसऱ्याच्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं. पाळी तीन तीन दिवसांची केली, रविवार दोन दोन आठवड्यांनी आलटूनपालटून ठेवला, आणि तक्रार राहिली नाही.

वाट्याच्या भांडणात मी म्हणूनच स्वभावाबद्दल बोलू देत नाही. आपल्या खानदेशात याचा फार मोठा नमुना आहे: पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत. बंधाऱ्यातून पाटानं येणारं पाणी, आणि त्याखालची जमीन फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि फडांत पिकांची पाळी फिरती. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. ही माणसं शेतकऱ्यांच्या पंचांनी नेमलेली. शेतकऱ्यानं आपल्या रानाला स्वतः पाणी घ्यायचंच नाही. यातली मला सगळ्यांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट अशी की खातेदाराची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची. पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा सगळ्यांना सारखा. पाटाच्या शेपटाच्या शेतकऱ्याचं दुःख पाटाच्या डोक्याच्या शेतकऱ्याला कळावं म्हणून कीर्तन करायची गरज नव्हती, त्याचंही थोडं रान शेपटाला होतंच.

तुमच्या भांडणात हे असं लावा: नियम असा शोधा की उद्या जागा बदलल्या तरी दोघांना चालेल. वाटण्या करताना एकानं भाग पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं. आणि नियम टंचाई यायच्या आधी ठरवा. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना पाळी ठरवायला बसलात तर नियम बनत नाही, ओरबाडणं होतं.

पायरी ६: मत जुळत नसेल तर कृती जुळवा

काही मतभेद मिटत नाहीत. वडिलांच्या उत्तरकार्याला गावजेवण घालायचं की तो पैसा शाळेला द्यायचा, यात मोजणी चालत नाही, कारण दोघंही भलं काय यावरच वेगळे आहेत. इथं मत बदलायला लावू नका. विचारा, आपापलं मत तसंच ठेवून दोघांना सोसेल असं काय करता येईल? त्या घरात शेवटी भाऊबंदांपुरतं जेवण झालं आणि उरलेल्या पैशांतून शाळेला पाण्याची टाकी. दोघांनाही दुसऱ्याचं आजही पटलेलं नाही.

पायरी ७: मानाचं देणं, जिथं घेतलं तिथंच

चारचौघांत केलेला अपमान एकांतातल्या माफीनं फिटत नाही. हे समजायला मला उशीर लागला. "त्यानं माझ्याकडे माफी मागितली, तरी मन साफ होत नाही" असं कुणी म्हटलं की तो हट्टी आहे असं वाटायचं. पण बांधकोऱ्या हा शब्द पाहुण्यांनी ऐकला होता आणि माफी भिंतींनी.

थोरला माफी मागायला तयार होता, पण पाय धरणार नव्हता. मग श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांच्या सणाला भाऊबंद जमले, तेव्हा धाकट्याच्या सासरचे दोघे मुद्दाम बोलावले. थोरला उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मोजणी झाली. माझा भाऊ बांध कोरणारा नाही. मी बोललो ते चुकलं." 'पण' नाही, 'त्या वेळी तोही' नाही. माफीचं वाक्य आधी घरी लिहून बघा आणि त्यात 'पण' असेल तर ते वाक्य तिथंच संपवा.

पायरी ८: लिहा, पक्कं करा, आणि पुन्हा बसायचा दिवस ठरवा

तोंडी समेट दोघांच्या आठवणीत दोन वेगवेगळे होतात. एका पानात बसेल एवढंच लिहा: काय ठरलं, कोण काय कधीपर्यंत करील, नाही केलं तर काय, आणि साक्षीदार. जमिनीचा हक्क मात्र नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून बदलत नाही, त्याला नोंदणी लागते. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान १२ वर्षं चाललं असेल तर अदलाबदलीसाठी राज्य शासनानं २०२३मध्ये सलोखा योजना आणली. तिच्यात मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये एवढीच ठेवली. तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे सध्याची स्थिती विचारून घ्या.

प्रकरण कोर्टात असेल तर लोकअदालतीत तडजोड नोंदवा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरणही तालुका विधी सेवा समितीकडे नेता येतं. अपील नाही म्हणूनच, सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. बायकोला, मुलांना वाचून दाखवा.

शेवटचं, पुन्हा बसायचा दिवस. आमच्याकडे तो आखाजीचा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल त्याच दिवशी सुरू होतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं. बांधावरचा कागद काढायचा, वाचायचा, खुपणारं काही असेल तर तेवढंच बदलायचं. पहिल्या आखाजीला धाकट्यानं विचारलं की बांधावरच्या लिंबाची सावली माझ्या कापसावर पडते, त्याचं काय. थोरला म्हणाला, पूर्वेच्या फांद्या तू छाट, सरपण तुझं. साक्षीदारानं चौथ्या ओळीखाली ते लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि पुरणपोळ्या निवतात म्हणून आतून हाक आली.